गाडीचं बुकिंग : पावतीवर काय लिहून घ्यायचं?

चारचाकीचं बुकिंग, वेटिंग आणि डिलिव्हरी याबद्दल बरीच पत्रं आली. ज्यांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील अशी पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरांतले रोड टॅक्सचे दर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतलेल्या गाडीचे आहेत.

शोरूमच्या यार्डात त्याच मॉडेलच्या पंधरा-वीस गाड्या उभ्या दिसतात आणि मला मात्र पाच महिने थांबायला सांगतात. डीलर गाड्या दडवून ठेवतोय का? (वाचक, सांगली)

तशी शक्यता कमी आहे. डीलर कंपनीकडून गाडी उचलतो ती पैसे भरून, बहुतेकदा बँकेच्या कर्जावर. ती यार्डात उभी राहिली की व्याज त्याच्याच अंगावर चढतं. खरं कारण वेगळं आहे. यार्डातली प्रत्येक गाडी ठरावीक व्हेरियंटची, इंजिनाची, गिअरबॉक्सची आणि रंगाची असते. तुम्हाला सनरूफवाली पांढरी ऑटोमॅटिक हवी असेल आणि समोर मधल्या व्हेरियंटच्या करड्या मॅन्युअल उभ्या असतील, तर त्या वीस गाड्यांचा तुम्हाला उपयोग नाही. शिवाय त्यांतल्या काही दुसऱ्यांच्या नावावर अलॉट झालेल्या असतात आणि कर्जाच्या कागदांसाठी किंवा मुहूर्तासाठी थांबलेल्या असतात.

एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटच्या वेटिंगमध्ये महिन्यांचा फरक पडतो तो सुट्या भागांमुळे. वरच्या व्हेरियंटमध्ये रडार, कॅमेरे, मोठे डिस्प्ले असतात आणि त्या प्रत्येकाला चिप लागते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिप कारखान्यांनी ती क्षमता लॅपटॉप-मोबाइलवाल्यांना दिली आणि गाड्यांची मागणी परत आली तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या कडाक्याच्या थंडीने तिथले चिप कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानात रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली, आणि पुढे मलेशियातल्या टाळेबंदीने चिपचं पॅकिंग आणि चाचणी अडली. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने हरयाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असं जाहीर केलं होतं. त्याच सुमारास, ७ ऑक्टोबर २०२१ ला, चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि पहिल्या २५,००० गाड्या ५७ मिनिटांत बुक झाल्या. एका बाजूला भाग नाहीत, दुसऱ्या बाजूला अशी मागणी. लांबलचक वेटिंगची सवय आपल्याला तेव्हा लागली.

पण तुटवडा कायमचा नसतो. २०२४ च्या सप्टेंबरअखेर डीलरांच्या 'फाडा' या संघटनेने उलटीच तक्रार केली होती : यार्डात ८० ते ८५ दिवस पुरेल इतका माल साचला आहे. तेव्हा 'वेटिंग आहे' हे वाक्य तपासून घ्या. सेल्समनला दोनच प्रश्न विचारा. याच व्हेरियंटची आणि रंगाची किती बुकिंग माझ्या पुढे आहेत? गेल्या तीन महिन्यांत अशा किती गाड्या तुमच्याकडे आल्या? पुढे २४ जण असतील आणि तीन महिन्यांत १२ गाड्या आल्या असतील, तर महिन्याला ४ प्रमाणे सहा महिने धरा. हे आकडे दुसऱ्या डीलरकडेही विचारा. कंपनी प्रत्येक डीलरला वेगळा कोटा देते, त्यामुळे सांगलीत पाच महिने असलेली गाडी कोल्हापुरात दोन महिन्यांत मिळू शकते.

बुकिंग करताना पावतीशिवाय आणखी काय घ्यावं? (वाचक, बारामती)

या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. पैसे भरल्याची पावती एवढंच सांगते की तुम्ही पैसे दिले. गाडी कोणती आणि कधी, हे बुकिंग फॉर्म, म्हणजे ऑर्डर फॉर्म, सांगतो. हा फॉर्म सेल्समन घाईघाईत भरतो आणि आपण न वाचता सही करतो. पुढचे बहुतेक वाद इथेच जन्माला येतात.

फॉर्मवर व्हेरियंटचं पूर्ण नाव हवं, शेपटासकट. 'झेडएक्स' आणि 'झेडएक्स ऑप्शनल' या दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि त्यांच्या किमतीही वेगळ्या. इंधन, गिअरबॉक्स, सहा की सात सीट, रंग, छत दुरंगी की एकरंगी, हे सगळं लिहा. 'दुसरी पसंती' असा रकाना असेल तर तो मोकळा सोडू नका. दुसरा रंग चालणार नसेल तर तिथे 'नाही' असं लिहा. मोकळ्या रकान्याचा अर्थ पुढे 'काहीही चालेल' असा लावला जातो.

पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यावर भरा, कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर नाही. दोन-तीन दिवसांत तुमच्या मोबाइलवर कंपनीचा, म्हणजे गाडी बनवणाऱ्याचा, बुकिंग क्रमांक यायला हवा. तो आला नाही तर तुमचं नाव डीलरच्या वहीत आहे, कंपनीच्या सिस्टीमवर नाही. वहीतलं नाव मागे-पुढे करणं सोपं असतं.

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती डिलिव्हरीच्या अंदाजे तारखेवर. सेल्समन तोंडी सांगेल, फॉर्मवर लिहायला नको म्हणेल. ती लिहूनच घ्या, निदान 'अमुक महिन्यापर्यंत' असं तरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये निर्बंधित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. कबूल केलेल्या मुदतीपेक्षा उशिरा माल देणं आणि त्या उशिरामुळे किंमत वाढणं किंवा वाढण्याची शक्यता असणं, हे त्यात येतं. मुदत कबूल केल्याचा कागदच नसेल, तर या कलमाचा आधार घेणं कठीण जातं. डीलर फॉर्मवर लिहीत नसेल तर त्याच दिवशी त्याला ईमेल करा : 'आज आपण मला अमुक व्हेरियंट, अमुक रंग, अंदाजे अमुक महिन्यात मिळेल असे सांगितले, त्यानुसार बुकिंग केले आहे.' त्याने उत्तर दिलं नाही तरी हा ईमेल पुरावा म्हणून राहतो.

बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम कापणार आणि परतावा किती दिवसांत, हेही फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात असतं. सही करण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा.

बुकिंगच्या वेळी एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत) ९ लाख ९० हजार सांगितले होते. आता डिलिव्हरीच्या वेळी १५ हजार वाढले म्हणतात, आणि ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून होणारा, हिशेब तर ३६ हजारांनी वाढला आहे. हे बरोबर आहे का? (वाचक, नाशिक)

हिशेब बरोबर आहे. सेल्समनने तो फोड करून सांगायला हवा होता.

बहुतेक सगळ्या बुकिंग फॉर्मवर 'बिलाच्या दिवशी लागू असलेली किंमत' अशी अट असते. किंमत वाढली की ती लागू होते, कमी झाली तर कमी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलून लहान गाड्यांवर १८ टक्के झाले, तेव्हा आधी बुकिंग करून नंतर बिल झालेल्यांना याच अटीचा फायदा झाला.

तुमच्या बाबतीत किंमत १० लाखांची रेघ ओलांडून गेली. पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के रोड टॅक्स आहे. डिझेलला हेच १३, १४, १५. वरचा दर फक्त वाढीव रकमेवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. ९,९०,००० वर ११ टक्क्यांनी १,०८,९०० होत होते. १०,०५,००० वर १२ टक्क्यांनी १,२०,६०० झाले. म्हणजे ११,७०० जास्त. शिवाय १० लाखांच्या वर बिल गेलं की पूर्ण बिलावर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर), तुमच्या बाबतीत १०,०५० रुपये. १५,००० अधिक ११,७०० अधिक १०,०५० म्हणजे ३६,७५०. यातला टीसीएस मात्र खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, २६एएस या करजमेच्या उताऱ्यात दिसतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो. बिलावर पॅन बरोबर आहे ना, एवढं पाहा.

किंमत १० किंवा २० लाखांच्या अगदी काठावर असेल तर बुकिंगच्या वेळीच हा धोका धरा. बऱ्याच कंपन्या जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये दर वाढवतात. वेटिंग त्या महिन्यांपलीकडे जात असेल, तर किंमत कायम ठेवण्याची योजना आहे का ते विचारा आणि असेल तर फॉर्मवर लिहून घ्या. अशा योजना साधारण नव्या मॉडेलच्या पहिल्या काही हजार बुकिंगनाच मिळतात. एक्सयूव्ही ७०० च्या पहिल्या २५,००० जणांना सुरुवातीची किंमत मिळाली, त्यानंतरच्यांना वाढीव.

'४० हजारांच्या ॲक्सेसरीज आणि आमच्याकडचाच विमा घेतलात तर गाडी पुढच्या आठवड्यात, नाहीतर तीन महिने' असं सांगतात. काय करावं? (वाचक, ठाणे)

हे अजिबात मान्य करू नका. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे ही अटही वर सांगितलेल्या कलम २(४१) मध्येच निर्बंधित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. विमा कुणाकडून घ्यायचा हे ठरवणं तुमचा हक्क आहे. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या नुकसानीचा विमा एकेका वर्षाचा घेता येतो. बाहेरून दोन कोटेशन घ्या, आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तीच धरा, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन कव्हर सारखंच धरा, मग तुलना करा. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस असेल तर तिच्या विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि जास्तीत जास्त ५० टक्के सूट देतं, पण फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर.

'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स', 'डेपो चार्जेस' या नावाने काही हजार लावले असतील तर ते काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. तोंडी वाद घालू नका. कोटेशनची प्रत मागा आणि 'ही रक्कम कोणत्या नियमाखाली?' असं ईमेलवर विचारा, त्याची एक प्रत गाडी कंपनीच्या ग्राहक विभागाला जाऊ द्या. लेखी प्रश्न गेला की ही ओळ बहुधा कोटेशनमधून गळते.

कर्ज आधी मंजूर करून ठेवावं का? (वाचक, लातूर)

मंजुरी घ्या, पण रक्कम उचलू नका. मंजुरीपत्राला मुदत असते आणि वेटिंग त्यापेक्षा लांबलं तर दर नव्याने ठरतो. गाडीचा चॅसिस नंबर हाती येईपर्यंत बँकेला डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, द्यायला सांगू नका. रक्कम डीलरकडे गेली की गाडी नसतानाही व्याज सुरू होतं.

पितृपक्षात गाडी अलॉट झाली तर नाकारावी का? दसऱ्याला घ्यायची आहे. (वाचक, अहिल्यानगर)

नाकारू नका. नाकारली तर गाडी रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते आणि दसऱ्यापर्यंत दुसरी येईलच असं नाही. अलॉटमेंट घ्या, चॅसिस नंबर लिहून घ्या आणि डिलिव्हरीची तारीख दसऱ्याची ठरवा. डीलर पूर्ण रक्कम आधी मागेल. ती भरली तर गाडी यार्डात उभी असतानाची जबाबदारी डीलरची आहे असं लेखी घ्या. मुहूर्ताची अडचण नसेल त्यांच्यासाठी मात्र हे पंधरा दिवस सगळ्यात चांगले. डिलिव्हऱ्या कमी होतात, डीलरला महिन्याचा आकडा गाठायचा असतो आणि दुसऱ्याने पुढे ढकललेली गाडी तुमच्याकडे येऊ शकते.

गाडी आली म्हणून फोन आला. पासिंगआधी काय तपासायचं? (वाचक, पुणे)

पासिंगआधी तपासायचं हे तुम्ही ठरवलंत ते फार चांगलं केलंत. नवी गाडी आता आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. डीलर 'वाहन' पोर्टलवर कागद चढवतो, कर भरतो आणि नंबर पडतो. नंबर पडेपर्यंत गाडी बदलून मागता येते. तो पडल्यावर दोष निघाला तर सहसा दुरुस्तीच मिळते, दुसरी गाडी नाही. म्हणून उरलेली रक्कम आणि पासिंग या दोन्हींच्या आधी यार्डात, दिवसाउजेडी, कोरड्या गाडीची तपासणी करा. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत.

आधी चॅसिस नंबर. १७ अक्षरांचा असतो. बॉडीवर कोरलेला आणि कागदावरचा एक-एक अक्षर जुळवा. बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं : 'आर' २०२४, 'एस' २०२५, 'टी' २०२६. महिन्याची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून त्यावर अंदाज बांधण्यापेक्षा फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, पाहा. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं आणि तेच आरसीवर येतं. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली तरी विकताना ती आदल्या वर्षाचीच धरली जाते. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण सूट मागून घ्या.

पाच महिने वेटिंग सांगून चार महिने जुनी गाडी दिली जात असेल, तर ती कुणीतरी नाकारलेली किंवा दुसऱ्या डीलरकडून अदलाबदलीत आलेली असू शकते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : '३६२५' म्हणजे २०२५ चा ३६ वा आठवडा. पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांतले हवेत. सगळ्या काचांवर एकच छाप हवी. किलोमीटर ५०-१०० च्या आत असावेत, जास्त असतील तर कारण लेखी विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेला मेकॅनिक बरोबर न्या. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. एकाच दारावर २०० च्या पुढे आकडा गेला तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे.

पावसाळ्यानंतर यार्डातून आलेल्या गाडीत पाणी शिरलं होतं का हे पाहण्याची एक हमखास जागा आहे. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. खालच्या भागावर गढूळ रेघ किंवा बुरशी दिसली तर गाडी घेऊ नका. स्टेपनीच्या खळग्यात आणि सीटच्या रुळांवर बारीक गाळ, सीटच्या बोल्टवर गंज, हेही तेच सांगतात. ब्रेकच्या तबकड्यांवरचा तांबूस थर मात्र साधा आहे, पाच-दहा किलोमीटरमध्ये जातो. बॉनेट उघडून वायरिंगवर उंदराचे दात लागलेत का ते पाहा. बंद गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.४ च्या खाली असेल तर ती बरेच दिवस चार्ज न करता पडून आहे. पूर्ण चार्ज करून, तपासून घ्या, नाही टिकली तर बदलून मागा.

शेवटी चाव्या. दोन्ही तशाच आहेत का? चिपच्या टंचाईत २०२२ मध्ये टोयोटाने जपानात दोन स्मार्ट चाव्यांपैकी एक साधी द्यायला सुरुवात केली होती. असं काही 'नंतर देऊ' म्हटलं जात असेल तर बिलावरच थकीत वस्तू म्हणून नोंदवा.

गोव्यात लगेच गाडी मिळते आहे आणि तिथे टॅक्सही कमी. तिथूनच घेऊ का? (वाचक, सावंतवाडी)

गाडी घ्या, पासिंग तिथे करू नका. गोव्याच्या डीलरकडून तात्पुरती नोंदणी करून आणा, त्यावर छापलेल्या मुदतीत सिंधुदुर्गच्या आरटीओत नोंदवा आणि कर इथेच भरा. नातेवाइकाचा पत्ता दाखवून गोव्याचा नंबर घेतला आणि गाडी इथे फिरवली, तर इथला कर भरावा लागतोच, दंड वेगळा. बचत तर होत नाहीच, विकतानाही अडचण येते.

कंपनीकडे थेट ऑर्डर देऊन हवी तशी गाडी बनवून मिळते का? (वाचक, मुंबई)

महागड्या गाड्यांत हा बदल झाला आहे. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात डीलरचा स्टॉक आपल्याकडे घेतला. गाडी कंपनीच्या मालकीची, बिल कंपनीचं, किंमत सगळीकडे एक, आणि शोरूमवाल्याकडे ग्राहकाला दाखवणं, देणं आणि सेवा. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत दुकान उघडलेल्या टेस्लाकडे तर डीलर नाहीच. रंग आणि आतली सजावट निवडून ऑर्डर द्यायची.

आपल्या रोजच्या गाड्यांत मात्र कंपनीच्या वेबसाइटवर केलेलं बुकिंगही शेवटी तुम्ही निवडलेल्या डीलरकडेच जातं, आणि निवड असते ती आधीच ठरलेल्या व्हेरियंट-रंगांतून. खालच्या व्हेरियंटमध्ये फक्त सनरूफ जोडून द्या असं चालत नाही. बाहेरून छत कापून सनरूफ बसवण्याच्या फंदात पडू नका. वॉरंटी जाते, पाणी गळतं, आणि अपघातात छताची ताकद उरत नाही.

मुलगा अमेरिकेत आहे. तिथे डीलर छापील किमतीवर वर पैसे मागतो. तिथली पद्धत काय? (वाचक, डोंबिवली)

तिथे नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचं स्टिकर लावणं १९५८ च्या कायद्याने सक्तीचं आहे, पण ती सुचवलेली किंमत असते. त्यावर 'मार्केट ॲडजस्टमेंट' लावणं डीलरला सहसा शक्य असतं. तुटवड्यात त्यावर चांगला उपाय म्हणजे यार्डातली गाडी न घेता कारखान्याला ऑर्डर टाकणं. अनामत भरण्याआधी 'स्टिकरच्या किमतीला, वर काही नाही' हे सहीनिशी घ्यावं, अनामत परत मिळणारी असावी आणि ऑर्डर मुलाच्या नावाने ग्राहक-ऑर्डर म्हणून गेली आहे, स्टॉकची म्हणून नाही, हे पाहावं. फोर्डसारख्या कंपन्यांत हे सरळ होतं. टोयोटात एकेका ग्राहकाची गाडी वेगळी बनवत नाहीत. डीलरच्या वाट्याला येणाऱ्या गाड्यांतून जुळणारी राखून ठेवतात, त्यामुळे तिथे रंगाबाबत थोडं जुळवून घ्यायची तयारी ठेवावी.

बुकिंग रद्द केलं, दोन महिने झाले, २१ हजार परत देत नाहीत. (वाचक, जळगाव)

फोन करणं थांबवा. डीलरच्या जनरल मॅनेजरला आणि गाडी कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवा : बुकिंग क्रमांक, भरल्याची तारीख, रद्द केल्याची तारीख, बँक खात्याचा तपशील आणि १५ दिवसांची मुदत. सोबत पावती आणि फॉर्मची मागची बाजू जोडा. मुदत संपली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. डीलरऐवजी गाडी कंपनीकडे तक्रार गेली तर पैसे लवकर सुटतात, म्हणून तक्रारीत कंपनीचंही नाव घाला. तरीही नाही मिळाले तर 'ई-जागृती' पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. मागणीत २१ हजारांबरोबर व्याज आणि तक्रारीचा खर्चही लिहा, न मागितलेली रक्कम सहसा मिळत नाही.